घरच्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो घरीच कसा काढायचा आणि मोबाईलवरच एडिट कसा करायचा

आपल्याकडं कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोटोची शोधाशोध सुरू होते, हे तुम्ही पाह्यलं असेल. बॅनरवाल्याचा फोन येतो, पेपरात द्यायचं असतं, दहाव्याला मांडायला लागतो, आणि ऐंशी वर्षं त्या घरात राबलेल्या माणसाचा एक धड फोटो सापडत नाही. मग आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो मोठा करा, नाहीतर कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून घ्या, शेजारच्याचा खांदा खोडा, मागं निळं आभाळ टाका. तोच फोटो पुढं वीस-तीस वर्षं भिंतीवर राहतो आणि लहान लेकरं त्यालाच आपली पणजी समजतात. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घरं गेली तशा पेट्या आणि अल्बमही गेले, तिकडच्या जुन्या माणसांना विचारा, आईबापाचा चेहरा दाखवायला हातात एक कागद नाही असं सांगणारे भेटतात.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की माणूस बोलतंचालतं असताना, चहा पिऊन निवांत बसलेलं असताना, एक सकाळ त्याच्यासाठी काढा आणि नीट फोटो काढून ठेवा. स्टुडिओत न्यायची गरज नाही, हल्लीचा साधा दहा-पंधरा हजारांचा फोन पुरतो. फक्त एक गोष्ट शेवटपर्यंत डोक्यात ठेवायची, फोटो बघून गावातला कुणीही म्हणला पाहिजे की हो, हीच ती. गोरी दिसते का, तरुण दिसते का हा प्रश्नच नाही. खाली जे सांगतोय ते सगळं ह्याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी विचारायचं

फोन काढून थेट तोंडापुढं धरू नका. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना फोटो म्हणलं की भिंतीवरचा हाराचाच फोटो आठवतो, काहींना तर फोटो काढल्यानं आयुष्य कमी होतं असं लहानपणापासून ऐकून माहीत असतं. "आठवण राहील" हे वाक्य चुकूनही बोलू नका, त्यांना बरोब्बर कळतं तुम्ही कशासाठी म्हणताय ते. त्यापेक्षा "आज्जे, माझ्या फोनमधी सगळ्यांचे फोटो हायेत, तुझाच नाही" असं म्हणा. ती म्हणेल, "ह्या थोबाडाचा काय फोटो काढायलास रं, पोरीसोरींचे काढ की." हा नकार नाही, ती थोडी लाजते आहे, पाच मिनिटं बसा, बोला, मग ती स्वतःच पदर सारखा करायला लागते. पण खरंच नको म्हणली तर त्या दिवशी सोडून द्या, पुन्हा कधीतरी.

कपड्यांचं त्यांनाच ठरवू द्या. घडी न मोडलेली कोरी पैठणी नेसवायचा सुनांचा आग्रह असतो, पण रोज इरकल किंवा सुती लुगडं नेसणारी बाई पैठणीत अवघडून बसते आणि ते अवघडलेपण चेहऱ्यावर येतं, शिवाय जरीवर उजेड पडला की फोटोत तिथं नुसते पांढरे चट्टे दिसतात. रोजचंच, पण धुतलेलं. आजोबांचं धोतर, नेहरू शर्ट, टोपी किंवा पटका जे काय ते रोज घालतात तेच. कवळी लावायची का काढायची, चष्मा ठेवायचा का काढायचा, हेही त्यांना विचारा, रोज चष्मा लावणारं माणूस चष्म्याशिवाय ओळखू येत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या ह्याबद्दल घरातल्या दहा जणांची दहा मतं असतात, विधवा आजी असेल तर जास्तच. तिचं ती बघेल. ती जशी रोज राहते किंवा जसं तिला फोटोत राहायचंय तसं. नंतर एडिटिंगमधे कुंकू लावणं नाहीतर पुसणं हा तर प्रकारच नको.

वेळ आणि उजेड

इथं मी जरा सविस्तर सांगतो, कारण फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा इथंच, फोन कितीही महागाचा असू द्या.

आपल्याकडचं ऊन कडक. लातूर-धाराशिवकडं मे महिन्याच्या मध्यात भर दुपारी सूर्य जवळपास बरोब्बर डोक्यावर असतो, अशा वेळी अंगणात उभं केलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते आणि म्हातारं माणूस डोळे बारीक करून घेतं. मोतीबिंदू असेल तर झळ जास्तच लागते. त्यामुळं उघड्या उन्हात फोटो काढायचाच नाही.

आपल्याला आभाळाचा उजेड हवा असतो, थेट ऊन नको. म्हणजे जिथं डोक्यावर छप्पर आहे आणि समोर मोकळं लख्ख आहे अशी जागा. जुना वाडा किंवा माळवदाचं घर असेल तर ढाळज, म्हणजे दारालगतची छपराखालची बैठकीची जागा, ह्या कामाला एक नंबर, नवं स्लॅबचं घर असेल तर ओसरी, पोर्च, किंवा सरळ दाराच्या आत दोन-तीन फुटांवर खुर्ची टाकायची. दार पूर्वेला असेल तर सकाळी तिथून ऊन आत घुसतं, म्हणून अकरानंतर ते चारपर्यंत तिथं छान मऊ उजेड मिळतो. दार पश्चिमेला असेल तर उलटं, सकाळी काढा. उत्तरेची खिडकी असेल तर जवळपास दिवसभर कधीही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात दुपारी बसवू नका, घामानं चेहरा चकाकतो आणि त्यांना त्रास होतो तो वेगळाच.

आता माणसाला दाराकडं पूर्ण तोंड करून बसवायचं नाही आणि पूर्ण पाठ करूनही नाही. तिरकं बसवायचं, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि दुसरी हळूहळू सावलीत जाईल. सुरकुत्यांना जी खोली येते ती ह्या तिरक्या उजेडामुळं. जमलं का नाही हे बघायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे त्यांच्या डोळ्यांत बघा. बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळात दहा किंवा दोन वाजतात त्या जागी, दाराची बारकी पांढरी चौकट दिसली पाहिजे. ती दिसली की डोळे जिवंत दिसतात, नाही दिसली तर खुर्ची थोडी फिरवा किंवा हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा.

सावलीची बाजू फारच काळी पडली तर त्या बाजूला फोटोत येणार नाही अशा अंतरावर दुसऱ्या खुर्चीवर पांढरी चादर टाका, नाहीतर कुणालातरी पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून धरायला लावा. थर्माकोलचा तुकडा असेल तर अजून बरं. स्टीलची परात वापरू नका, तिचा उजेड डोळ्यावर चमकतो.

खोलीतली ट्यूबलाईट, बल्ब बंद करा. दाराचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसतो, तो एडिटिंगमधे नीट करणं फार किचकट आहे. भिंतींच्या रंगाचंही तेच. आपल्याकडं पोपटी, गुलाबी, निळा ऑइलपेंट मारायची हौस असते आणि माणूस भिंतीला लागून बसलं की तो रंग गालावर उतरतो. लाल प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर पांढऱ्या धोतरावर आणि हनुवटीखाली लाल झाक येते, खुर्चीवर चादर टाकून घ्या.

मागं काय आहे ते बघा. कॅलेंडर, टीव्ही, वायरी, मिक्सर, डोक्यातून उगवलेला पंखा, हे सगळं बाजूला. माणूस भिंतीपासून चार-पाच फूट पुढं असू द्या म्हणजे मागची भिंत आपोआप दबते. मागं टाकायला घरात काळी घोंगडी असेल तर तिच्याइतकं चांगलं काही नाही, ती उजेड पिऊन टाकते आणि पांढरे केस, पांढरी टोपी त्याच्यावर उठून दिसते. खुंटीला नाहीतर दोरीला टांगा, वळ्या पडणार नाहीत एवढं बघा. पण सगळेच फोटो घोंगडीपुढं नका काढू. एक साधा फोटो भिंतीसाठी काढा आणि एक त्यांच्या रोजच्या जागेवर, चुलीपाशी, देवघरापुढं, गोठ्यात, ज्या बाजेवर दिवस जातो तिथं. पोथी वाचत असतील तर पोथीसकट.

बसवणं

हाताची खुर्ची द्या, म्हणजे उठायला-बसायला आधार होतो. गुडघे दुखत असतील तर खाली मांडी घालून बसायला लावू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. बाजेवर बसत असतील तर पाय जमिनीला टेकू द्या. पाठीत वाक असेल तर "सरळ बस" म्हणू नका, ते जमत नाही आणि जमलं तरी दोन सेकंदांत चेहरा ताणतो. त्यापेक्षा काठीवर दोन्ही हात ठेवून किंचित पुढं झुकू द्या, वाकलेली पाठ मग सहज वाटते. हाताला कंप असेल तर हात एकमेकांत किंवा काठीवर ठेवले की थांबतो बऱ्यापैकी.

हात फोटोत घ्याच. निंदणं-खुरपणं करून, कापूस वेचून, भाकरी थापून झालेले ते हात, त्यांच्याशिवाय फोटो अर्धा आहे असं मला वाटतं.

फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. हे फार महत्त्वाचं आहे. ते खुर्चीत आणि तुम्ही उभे असाल तर माणूस लहान, बिचारं दिसतं. तुम्ही खाली बसा, स्टूल घ्या, गोणपाट टाका, काय करायचं ते करा. चष्म्याच्या काचेत दार चमकत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्या, किंवा चष्म्याच्या दांड्या कानावर थोड्या उचलून ठेवा म्हणजे काच खाली झुकते आणि चमक जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर आधी पाच-दहा मिनिटं घरात बसू द्या, मग त्या परत पांढऱ्या होतात.

फोनमधलं

पहिलं काम, लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर घामाचा, तेलाचा थर असतो आणि त्यानं सगळा फोटो धुरकट येतो. मऊ सुती कापड पुरे.

दुसरं, ब्युटी बंद करा. प्रत्येक फोनमधे त्याला वेगळं नाव असतं, ब्युटी, फेस, स्मूथ, रिटच, पण ते शोधून शून्यावर आणा. कित्येक फोनमधे ते आधीपासूनच चालू असतं आणि आपल्याला माहीत नसतं.

मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नाही. आणि जवळ जाऊ नका. पाच-सहा फूट लांब बसून २एक्स दाबा. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, ते अंतरामुळं होतं. नाक कॅमेऱ्याच्या जास्त जवळ आलं की मोठं दिसणारच, तुम्ही लांब गेलात की नाक-कान दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर येतात आणि चेहरा खरा दिसतो. तुमच्या फोनला ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर तीही वापरून बघा, चांगला उजेड असेल तर.

फोटोचं माप ४:३ ठेवा, फुल स्क्रीन किंवा १६:९ नको, त्यात कडा कापल्या जातात. फ्लॅश बंद. स्क्रीनवर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर बोट टेकवा, तिथं फोकस बसतो, बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमधे तो लॉक होतो. मग शेजारी जो सूर्याची खूण असलेला स्लायडर येतो तो जरासा खाली ओढा, किती तर टोपीचं किंवा पटक्याचं सूत दिसायला लागेपर्यंत. पांढरं एकदा जळालं की एडिटिंगमधे त्यातून काहीच परत येत नाही, सावलीतून मात्र बरंच काढता येतं. धोतर-टोपीवाल्या आजोबांचे फोटो बिघडतात ते इथंच, फोन काळा चेहरा बघून उजेड वाढवतो आणि टोपी नुसता पांढरा ठिपका होते.

पोर्ट्रेट मोडवर फार विसंबू नका. मागचं धूसर करताना तो पदराची कड खातो, पटक्याचा तुरा अर्धा गायब करतो, चष्म्याची दांडी तोडतो, कानावरचे मोकळे केस पुसतो. दोन्ही प्रकारे काढून ठेवा, साधा फोटो असलाच पाहिजे.

उजेड कमी असेल तर फोन शटर हळू चालवतो आणि थरथरणारं माणूस हललेलं येतं. प्रो मोड असेल तर शटर १/१२५ सेकंदाला आणि आयएसओ, म्हणजे फोन उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, ४०० च्या आत बसतंय का बघा, बसत नसेल तर खुर्ची दाराच्या अजून जवळ घ्या. आवाजाच्या बटणानं फोटो काढा, स्क्रीनवर बोट आपटलं की फोन हलतो.

चेहऱ्याच्या चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून काढा. फोनचा उभा फोटो ३:४ मापाचा असतो आणि लॅबमधला ८ बाय १२ चा कागद २:३ मापाचा, त्यामुळं रुंदीतला नववा भाग कापलाच जातो. खांदा अगदी कडेला असेल तर तो जाणार.

बोलतं करणं

सगळी तयारी झाली की आता घरातल्यांना बाहेर घालवा. मागं पाच पोरं उभी राहून "आजी हस की, इकडं बघ की" ओरडायला लागली की आजी कुणाकडं बघणार. एकच माणूस ठेवा, आजीला आवडणारं, ते तुमच्या शेजारी फोनच्या अगदी जवळ बसेल आणि बोलेल. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानानं बरं येतं त्या बाजूला बसवा.

"हस" म्हणू नका. त्या पिढीला फोटोत हसायची सवय नाही, त्यांच्या तरुणपणी फोटो म्हणजे श्वास रोखून कॅमेऱ्याकडं ताठ बघणं. ताठ बघायचं असेल तर बघू द्या, तसे दोन-चार फोटो आधी काढूनच टाका, त्यांना वाटतं झालं काम, आणि मग खांदे खाली येतात. खरा फोटो त्याच्यानंतर सुरू होतो.

विचारायचं काय? आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. खडी फोडायला कुठं जायचात, सुकडी कशी लागायची, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी कशा व्हायच्या. एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलायला लागत नाही. माहेरचं गाव, पहिली बैलजोडी, जात्यावरच्या ओव्या, लग्नाची वरात बैलगाडीत किती लांब गेली, पंढरीची वारी, ह्यातलं काहीही. ज्यांनी निजामाचं राज्य पाह्यलंय, १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचं काही आठवतंय असं माणूस घरात असेल तर रझाकारांच्या गोष्टी निघतील, पण त्या जपून, काहींच्या डोळ्यांत लगेच पाणी येतं आणि त्या वेळी कॅमेरा खाली ठेवायचा.

बटण कधी दाबायचं ते नीट सांगतो. बोलत असताना दाबलं तर तोंड वाकडं येतं, शब्द अर्धा असतो. वाक्य संपतं, आणि सांगणारं माणूस तुमच्याकडं बघतं की ऐकलं का नाही, समजलं का नाही, ते एक-दीड सेकंद. ओठ मिटलेले असतात, डोळ्यांत गोष्ट अजून चालू असते. तेव्हा दाबायचं, लागोपाठ तीन-चार. त्यासाठी तुमचं लक्ष स्क्रीनवर नको, त्यांच्याकडं पाह्यजे, फोन एकदा लावून घ्या आणि मग माणसाकडं बघा. छोटा ट्रायपॉड असेल तर फारच सोपं, नसेल तर डब्यावर डबा ठेवून त्याला टेकवून ठेवा.

वीस मिनिटांच्या वर ताणू नका. जेवणाची, गोळ्यांची वेळ झाली की थांबायचं. चहा सांगा मधे. आणि काढलेले फोटो त्यांना दाखवा, मोठे करून, त्यातला कुठला आवडला ते विचारा, तुमच्या आणि त्यांच्या आवडीचा एकच फोटो असेल असं नाही, पण त्यांचाही जपून ठेवायचा.

एडिटिंग

मी स्नॅपसीड धरून सांगतो, ते गुगलचं ॲप आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. व्हर्जननुसार बटणांच्या जागा इकडंतिकडं होतात पण नावं बहुतेक तीच. सुरू करायच्या आधी मूळ फोटोची कॉपी करून ठेवा, मूळ फोटोला हात लावायचा नाही.

आधी क्रॉप. डोळे वरून साधारण एक तृतीयांशावर येऊ द्या, डोक्यावर थोडी जागा, मनगटात किंवा बोटांत कापू नका. वाकडा असेल तर सरळ करा.

मग रंग. व्हाईट बॅलन्समधे एक ड्रॉपर असतो, पांढऱ्या जागेवर ठेवला की तो रंग ठरवतो. सगळे जण तो धोतरावर नाहीतर टोपीवर ठेवतात आणि चेहरा पिवळा होतो. कारण आपलं धोतर नीळ घालून धुतलेलं असतं, ते खरं पांढरं नसतं, निळसर असतं, आणि ॲप ती निळी झाक मारायला सगळ्या फोटोत पिवळा ओततं. म्हणून ड्रॉपर सोडा, टेम्परेचरचा स्लायडर हातानं थोडा-थोडा हलवा आणि हाताच्या कातडीकडं बघा. ती माणूस समोर बसल्यावर दिसते तशी दिसली की थांबा. माणूस समोरच असेल तर फोन त्यांच्या हाताशेजारी धरून बघा, ह्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. सावळ्या माणसाला सावळंच ठेवा.

ट्यून इमेजमधे हायलाइट्स थोडे खाली, उणे १५-२० पर्यंत, शॅडोज थोडे वर, अधिक १०-१५. ॲम्बियन्स फार ओढू नका, त्यानं चेहऱ्याभोवती एक विचित्र कडा येते आणि लुगड्याचे रंग भडक होतात. नंतर सिलेक्टिव्ह उघडा, चेहऱ्यावर ठिपका ठेवा, दोन बोटांनी त्याचा घेर चेहऱ्यापुरता करा आणि ब्राइटनेस आठ-दहा वाढवा. बघणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जायला एवढं पुरतं.

डिटेल्समधला स्ट्रक्चर हा सगळ्यात फसवा. म्हाताऱ्या चेहऱ्यावर तो ओढला की सुरकुत्या एकदम ठसठशीत दिसतात आणि करणाऱ्याला वाटतं वा, काय फोटो झाला. पण आजीचा चेहरा तेवढा कोरडा, तेवढा तडकलेला नसतो. ब्युटी फिल्टर खोटं दाखवतो तसंच हेही खोटं आहे, फक्त उलट्या बाजूनं. स्ट्रक्चर ५-१० च्या आत, शार्पनिंग १५ पर्यंत, बास.

आता हिलिंग, म्हणजे डाग काढायचं टूल. माझा नियम असा की पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर राहणार नाही ते काढायचं, जे राहणार आहे ते ठेवायचं. डास चावलेला, दाढी करताना कापलेलं, ओठाच्या कडेला चिकटलेला भाकरीचा कण, सलाईनची पट्टी, खांद्यावर पडलेला केस, हे काढा. सुरकुती, तीळ, जुना व्रण, हे ठेवा.

आणि गोंदण. कपाळावरचे, हनुवटीवरचे, गालावरचे ते हिरवट ठिपके. मुद्दाम वेगळं सांगतोय कारण ब्युटी मोडला आणि ऑटो रिटचला गोंदण म्हणजे डाग वाटतो आणि तो गुपचूप पुसून टाकतो. फोटो एडिट झाल्यावर मूळ फोटोशेजारी ठेवून दोन्ही मोठे करून बघा, हनुवटीवरचे तीन ठिपके तीनच आहेत ना, हातावरची तुळस, नाव जसंच्या तसं आहे ना. ते गोंदण तिनं लहानपणी दुखणं सोसून करून घेतलेलं असतं, आणि आता गावोगावी गोंदलेल्या बाया कमी होत चालल्यात. फिकट झालं असेल तर फिकटच ठेवा, पण जाऊ देऊ नका.

फोटो एका बटणात चकाचक करणारी जी एआय ॲप आलीत त्यांच्यापासून भिंतीच्या फोटोसाठी लांब राहा. ती चेहरा सुधारत नाहीत, नवा बनवतात. डोळे दुसऱ्याच कुणाचे येतात, पडलेले दात उगवतात, भुवया जाड होतात. घरच्यांना पहिल्या नजरेत भारी वाटतं आणि दोन दिवसांनी कुणीतरी म्हणतं की ही आपली आई वाटत नाही. जुना फाटका एकच फोटो उरला असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, पण माणूस समोर बसलेलं असताना त्याचा चेहरा मशीनला बनवायला का द्यायचा?

ब्लॅक अँड व्हाईट करायचा असेल तर कुंकवाकडं लक्ष ठेवा. त्या टूलमधे कलर फिल्टर असतो. लाल फिल्टर लावला की लाल रंग उजळतो, म्हणजे कुंकू कपाळात विरून जातं आणि कातडीही गोरी दिसते. हिरवा लावला की कुंकू काळंभोर आणि सुरकुत्या ठळक. मी शक्यतो साधा न्यूट्रल ठेवतो. आणि रंगीत कॉपीही ठेवतोच, कारण लुगड्याचा रंग कुठला होता हे पुढं कुणीतरी विचारणार असतं.

व्हिनेट, म्हणजे फोटोच्या कडा काळपट करायचं टूल, अगदी हलका दिला तर दिला. मग फोन अर्धा तास ठेवून द्या आणि परत बघा, तेव्हा जास्त झालेलं लगेच दिसतं.

प्रिंट आणि सांभाळणं

लॅबवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३०० पिक्सेल प्रति इंचानं २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३००० बाय ४००० असतो, म्हणजे थोडासा क्रॉप केल्यावरही पुरतो. पण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला पुरत नाही, मग प्रिंट फुटते.

मोठी प्रिंट काढायच्या आधी ४ बाय ६ ची एक काढून बघा. फोनची स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद नसतो, त्यामुळं प्रिंट नेहमी थोडी काळपटच येते. तसं वाटलं तर ब्राइटनेस थोडा वाढवून मग मोठी काढा, आणि लॅबवाल्याला स्पष्ट सांगा की रंग, चेहरा काही बदलू नका, मागचं बदलू नका. सांगितलं नाही तर काही ठिकाणी ते आपल्या मनानं गोरा करून देतात, त्यांना तसंच गिऱ्हाईक मिळालेलं असतं.

कागद मॅट घ्या. ग्लॉसी काचेला चिकटतो, आपल्याकडं पावसाळ्यात भिंतीला ओल आली की जास्तच, आणि मग फ्रेम उघडली की चेहऱ्याचा पापुद्रा निघतो. फ्रेमवाल्याला फोटो आणि काचेच्या मधे माउंटची पट्टी टाकायला सांगा. ऊन पडतं त्या भिंतीवर लावू नका.

प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं पूर्ण नाव, माहेरचं नाव, दोन्ही गावं आणि फोटोची तारीख लिहा. मूळ फोटो आणि एडिट केलेला, दोन्ही, निदान दोन ठिकाणी ठेवा, एक गुगल ड्राइव्हवर आणि एक पेन ड्राइव्हवर, आणि चुलत-मावस सगळ्या भावंडांना डॉक्युमेंट म्हणून पाठवून द्या, म्हणजे एकाचा फोन गेला तरी दुसऱ्याकडं सापडेल. पहिली प्रिंट मात्र ज्यांचा फोटो आहे त्यांच्या हातात द्या, त्यांना ती पेटीत ठेवायची असेल तर पेटीत, शेजारणीला दाखवायची असेल तर दाखवू द्या, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा एकदा खुर्ची दारात टाका.